घरपट्टी, बांध आणि वन्संचं शेत

आमच्या ह्यांना कुणी विचारलं असतं की तुमचा छंद काय, तर चेहरा गंभीर ठेवून त्यांनी सांगितलं असतं, कर. लोकांचे नवरे पत्ते कुटतात, गळ टाकून खाडीवर बसतात, नाटक बघायला पनवेलला जातात. आमच्याकडे जेवायला बसलं की ताटात आमटीच्या शेजारी अप्रत्यक्ष कर वाढलेला. लग्न होऊन मी चौलच्या नारळी-पोफळीच्या वाडीतून खाडीकाठच्या ह्या खारेपाटात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात काड्यापेटी माझ्यासमोर धरून म्हणाले, "ही घेताना आपली भांडीवाली जेवढा कर भरते, तेवढाच कारखान्याचा मालकही भरतो. सांग, हे न्यायाचं आहे?" मी म्हटलं, "मुळीच नाही. पण ती पेटी आधी इकडे द्या, स्टोव्ह विझलाय."

थट्टा करतेय खरी, पण ह्या माणसाचं मला फार कौतुक होतं. आजही आहे, म्हणून तर हे लिहायला बसले. मी शाळेत शिकवायचे, माझ्या पगारावर घर चालायचं आणि ह्यांचं राजकारणही. जहाल मंडळी त्यांना मिळमिळीत म्हणायची आणि बाजारपेठेतले व्यापारी त्यांना लाल म्हणायचे. हे दोघांनाही तेच सांगायचे, की बाबांनो, मी लोकशाही समाजवाद मानतो. विधानसभेला एकदा उभे राहिले आणि सपाटून पडले. पंचायत समितीत दोनदा निवडून आले, आणि म्हातारपणी गावाने आग्रह करून सरपंच केलं.

भाषण त्यांचं सगळीकडे एकच. "धंदा करा, कमवा, गाडी घ्या, बंगला बांधा, कोण नको म्हणतंय? पण ज्या रस्त्याने तुमची गाडी येते, ज्या दवाखान्यात तुमच्या माळ्याचं पोर बरं होतं, ते सगळ्यांनी मिळून उभं केलंय. त्यात तुमचा वाटा तुमच्या ऐपतीएवढा असला पाहिजे. आणि तो हक्काने वसूल झाला पाहिजे. कुणाच्या मेहेरबानीवर गाव चालत नाही." मी महिलांच्या रांगेत बसून पुढचं वाक्य ओठांतल्या ओठांत आधीच म्हणायचे.

पुढचं वाक्य बांधाचं असायचं. आमची भाताची शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. खाडीचं पाणी उंचावर, आमचं भात खाली, आणि मध्ये काय, तर मातीचा बांध. हा बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि जमीन दोन-तीन वर्षांसाठी कामातून जाते. म्हणून आमच्या गावात पूर्वापार एक रीत होती. बांधाला चीर गेली की हाळी द्यायची आणि घरोघरची माणसं बांधावर जायची. ज्याची जमीन जास्त त्याने माणसं जास्त पाठवायची, थोडी असेल त्याने थोडी. ज्या घरात बाई एकटी किंवा कुणी आजारी, त्या घराला माफी. पैसे टाकून सुटता यायचं नाही, मोठा खातेदारसुद्धा कमरेएवढ्या चिखलात उभा. "कर म्हणजे दुसरं काय असतं हो?" असं हे विचारायचे, आणि आयकराचं नावही न घेतलेल्या म्हाताऱ्या बाया माना डोलवायच्या.

ह्या बांधाआड सगळ्यात पहिलं शेत होतं ते माझ्या नणंदेचं. वन्सं ह्यांच्याहून धाकट्या. नवरा वारला तेव्हा लहान मुलगी कडेवर घेऊन माहेरी परत आल्या. आमच्याकडे बहिणीला साडी-चोळी करतात आणि त्याच दिवशी तिची हक्कसोडपत्रावर सही घेतात, हे काही मी नव्याने सांगायला नको. ह्यांनी तसं केलं नाही. तलाठ्याकडे जाऊन, कुणी मागितलं नसताना, बरोबरीचा वाटा तिच्या नावावर करून दिला, तोही उघाडीलगतचा. उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. तिथली माती काळी, भात जोमदार, आणि कोपऱ्यातल्या तळ्यात जिताडा मासा पोसायची सोय. भाऊबंद आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत.

त्या शेतावर वन्संनी मुलगी शिकवली, तिचं लग्न केलं. एकटी बाई म्हणून त्यांना बांधाच्या कामाची माफी होती, पण त्या कसल्या ऐकतायत! पदर खोचून सगळ्यांच्या आधी हजर. मी एकदा म्हटलं, "वन्सं, तुम्हाला माफी आहे ना, मग कशाला कंबर मोडून घेताय?" तर म्हणाल्या, "माफी म्हाताऱ्यांना, वयनी. मी काय म्हातारी हाय?" तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. जिताडा मोठा झाला की पहिला आमच्याकडे यायचा. आमच्या भागात साहेबलोकांकडे काम असलं की जिताडा पोचवायची पद्धत आहे. ह्यांनी तसा एकही मासा कधी कुठल्या कचेरीत जाऊ दिला नाही. "आमच्या घरात फायली अडतात, पण कालवण झकास होतं," असं मी मैत्रिणींना सांगायचे.

मग दिवस बदलले. गावातले तरुण कुणी ट्रेलरवर, कुणी पेणपलीकडच्या कंपनीत लागले. मांडव्याला गाड्या घेऊन येणारी मोठी बोट सुरू झाली आणि मुंबईची माणसं शुक्रवारी संध्याकाळी आपापल्या मोटारीतून थेट दारात उतरायला लागली. टेकडीच्या उतारावर बंगले उठले. हाळी दिली तरी बांधावर येणार कोण? जे यायचे त्यांचे गुडघे गेलेले. चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बांध पोखरला, आणि एका पावसाळ्यानंतर उघाडीशेजारी, वन्संच्या शेताच्या बरोबर समोर, बांध झिरपायला लागला. आम्ही गोणत्यांत माती भरून लावली. ती काही टिकणारी मलमपट्टी नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. सरकारी खात्याकडे अर्ज केले, त्याचं उत्तर आलं की मंजुरी प्रक्रियेत आहे.

अशा वेळी टेकडीवरच्या एका बंगल्याचे मालक आमच्याकडे आले, सगळं गाव त्यांना शेठ म्हणायचं. त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं, हे आधीच सांगते. मऊ बोलणारा, चपला दाराबाहेर काढून आत येणारा माणूस. चहा घेतला आणि म्हणाले, "सरपंच, बांध मी बांधून देतो. पोकलेन माझा, दगड माझा, पावसाच्या आत काम संपवतो. मला काही नको. फक्त बांधावर माझ्या आईच्या नावाची एक पाटी लावा." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी मनातल्या मनात वन्संच्या भाताला पुढची दहा वर्षं देऊन टाकली.

हे म्हणाले, "शेठ, आईंचं नाव मोठं आहे. पण तुमचा बंगला आमच्या दप्तरी कौलारू शेतघर म्हणून लागलाय. मागे तुमचा पोहण्याचा तलाव आहे, वर सहा खोल्या आहेत. आमच्या गुराख्याच्या घराला जी पट्टी, जवळजवळ तीच तुम्हाला. टेकडीवरच्या सगळ्यांचं असंच आहे. तुम्ही सगळ्यांनी खरी घरपट्टी भरा, त्यातून गाव आपला बांध आपण बांधेल." शेठ हसले, म्हणाले, "पट्टीचं आमचे वकील बघतील, मी तुम्हाला मनापासून देतोय." हे म्हणाले, "तेच तर. मनापासून दिलेलं मन फिरलं की थांबतं."

शेठ गेल्यावर मी जे तोंड सोडलं ते आजही शेजाऱ्यांना आठवत असेल. "अहो, कसलं डोंबलाचं तत्त्व! एक पाटी लावायची आहे. लावा ना! आई कुणाची का असेना, पाणी तर अडेल!" हे शांतपणे म्हणाले, "आज पाटी लावली की उद्या त्याला पट्टी विचारायची कुणाची छाती आहे? बांध त्याचा म्हटल्यावर गावही त्याचंच." मी म्हटलं, "आणि वन्संचं शेत गेलं तर?" ते म्हणाले, "म्हणून तर घाई करायला हवी. पट्टी सुधारायचा ठराव ह्याच ग्रामसभेत करू." असा हा माणूस. आग लागली तरी आधी ठराव.

ग्रामसभा माझ्याच शाळेत भरली. मी निवृत्त झाले होते, पण बसले मास्तरांच्या खुर्चीशेजारीच, सवयीने. ह्यांनी दोन्ही गोष्टी लपवाछपवी न करता लोकांसमोर ठेवल्या. शेठ फुकट बांधून द्यायला तयार आहेत. माझं म्हणणं, ते नको. बंगल्यांना त्यांच्या किमतीप्रमाणे पट्टी लावू, आलेल्या पैशातून पहिलं काम बांधाचं. छोट्या घरांची पट्टी एक पैसा वाढणार नाही. मागून एक जण ओरडला, "आणि तवर पानी थांबनार हाय का?" हशा झाला, पण त्यात मजा नव्हती.

मग एकेक करून सगळ्यांचे डोळे वन्संकडे वळले. पाणी आलं तर पहिलं त्यांच्या खाचरात येणार, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. त्यांनी नको म्हटलं असतं तर सभा तिथेच संपली असती आणि माझे हे घरी येऊन मुकाट जेवले असते. मी बघतच होते त्यांच्याकडे. डोळ्यांनी सांगत होते, नाही म्हणा, वन्सं, एकदा भावाला नाही म्हणा. त्यांनी हात वर केला. "दादा बोलतो ता बरोबर हाय," म्हणाल्या. "आपन काय भिकारी न्हाय." मग बायांचे हात वर गेले, मग पुरुषांचे. ठराव झाला.

घरी येताना मी त्यांना रस्त्यात गाठलं. "का हो असं केलंत?" तर म्हणाल्या, "वयनी, मी मागारी आले तवा दादाने मला भीक न्हाय घातली. हक्काचा वाटा दिला. मंग आज मी हात खाली कसा ठेवू?" दोघं भावंडं एकाच मातीची, माझ्या चौलच्या व्यवहाराचा तिथे काही उपयोग नव्हता.

टेकडीवरच्यांनी वर अपील केलं. शेठ स्वतः काही बोलले नाहीत, त्यांच्या वकिलाने केलं. वसुलीला स्थगिती आली आणि तारखा पडत गेल्या. हे प्रत्येक तारखेला अलिबागला जायचे आणि संध्याकाळी पडलेला चेहरा घेऊन परत यायचे. त्या पावसाळ्यात बांध टिकला. भात असं आलं होतं म्हणून सांगू, वन्सं रोज संध्याकाळी येऊन कणसं किती भरली ते सांगायच्या. नवरात्र संपलं, पाऊस गेला, आणि आम्ही सगळे जरा सैलावलो.

कोजागिरीचं उधाण मोठं असतं. पौर्णिमेची भरती आमच्याकडे भर दुपारी चढते. वारा नाही, ढग नाही, लख्ख ऊन पडलेलं. मी रात्रीच्या दुधासाठी वेलची कुटत होते आणि बाहेरून कुणीतरी ओरडलं, "खांड पडली!" बांध फुटला की आमच्याकडे असंच म्हणतात. मी तशीच अनवाणी धावले.

उघाडीशेजारी बांधाला दार उघडावं तेवढी फट पडली होती आणि बघता बघता ती बैलगाडीएवढी झाली. पाण्याचा मोठा आवाजही नव्हता. पिवळ्या झालेल्या भातात ते नुसतं पसरत चाललं होतं. पूर्वी अशा खांडीत माणसं पाठीला पाठ लावून बसायची आणि बाकीचे त्यांच्या अंगावर पेंढा आणि चिखल रचायचे. ते आठवून हे पाण्यात उतरले, ह्या वयात, सदरा-लेंग्यासकट, आणि खांडीत पाठ लावून बसायला गेले. शेजारी बसायला कुणी नव्हतं. पाण्याने त्यांना आत ढकललं. वन्संनी त्यांच्या सदऱ्याला धरून ओढून काढलं आणि ओरडल्या, "दादा, सोड! गेला ता गेला! तू सोड!" तळ्यातले जिताडे भातात उधळले होते आणि वरच्या आळीचे काही लोक ते हातांनी पकडत होते. त्यांच्यावर मी इतकी चिडले की मातीचं ढेकूळ उचलून फेकलं. लागलं कुणालाच नाही.

त्या दिवशी कापणीला आलेलं सगळं भात गेलं, वन्संचं, आमचं, बांधाआडच्या प्रत्येक घराचं. पावसात खांड पडली असती तर गोड्या पाण्याने जमीन थोडी तरी धुतली गेली असती. पाऊस संपला होता. मार्गशीर्षात खाचरांवर पांढरा थर आला. वन्सं रोज सकाळी जाऊन चिमूटभर माती जिभेवर ठेवायच्या, थुंकायच्या आणि परत यायच्या. गावात ह्यांना तोंडावर कुणी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. लोक नुसते रस्ता बदलून जायला लागले.

मी मात्र बोलले. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी राबलात त्यांनाच बुडवलंत, असं म्हटलं. ते म्हणाले, "माझं चुकलं असं तुला वाटतं?" ते चुकले नव्हते. पाटी लावून घेतली असती तर टेकडीवरची पट्टी गावाने जन्मात वसूल केली नसती, हे मलाही कळत होतं. ते बरोबर होते आणि शेत बुडालं होतं, आणि ह्या दोन गोष्टी माझ्या एका डोक्यात मावत नव्हत्या. मला त्यांचा संताप यायचा आणि त्याच क्षणी त्यांना पोटाशी धरावंसं वाटायचं. अजूनही तसंच होतं.

खार लागलेल्या जमिनीत भरतीबरोबर तिवराचं, म्हणजे खारफुटीचं, बी येतं. एकदा तिवर माजलं की ते तोडायला कायद्याने बंदी. मग ती जमीन ना भाताची, ना विकायची. वन्संच्या खाचरात तिवराची बोटभर रोपं दिसायला लागली आणि दलाल दारात आला. जमीन शेठनाच हवी होती. भाव त्यांनी पाडून मागितला नाही, हेही सांगायला हवं. हे वन्संना म्हणाले, "विकू नकोस. अपील सुटेल. तोवर माझं शेत तू घे." वन्सं हसल्या. "तुजा पन खारलाय रे दादा. काय घेऊ त्यातला?" बाई गं, ते हसणं! मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

शेत विकलं, पैसे मुलीच्या घरात घातले आणि वन्सं तिच्याकडे नाशिकला राहायला गेल्या. तिथे दोन खोल्या, कारखान्यांचा शेजार, दारात मातीचं ढेकूळ नाही. एसटीत बसताना मला म्हणाल्या, "वयनी, फोन कर. पन गावचा, शेताचा मला काय सांगू नको. मला झोप येनार न्हाय." मी ते वचन पाळलं. फोनवर आम्ही नातवाच्या परीक्षा आणि गुडघ्यांची औषधं एवढंच बोलायचो.

म्हणून त्यांना कळलं नाही की त्यांच्यामागून सगळेच गेले. जमीन विकणारा माणूस आधी कुणाला सांगत नाही. रात्रीत दलालाला भेटतो आणि सकाळी आपल्या शेताकडे न बघता जातो. तिवराच्या भीतीने आधी वरची आळी, मग देवळाच्या बाजूचे, मग जे वन्संबरोबर बांधावर माती वाहायचे ते. शेठनी आणि त्यांच्या ओळखीच्यांनी घेतलं सगळं. त्यांनी खांड दगडमातीने तात्पुरती बुजवली, भराव टाकला, हिरवळ लावली, नारळाची मोठी झाडं ट्रेलरवरून आणून उभी केली. बांधाआड भात लावणारं एकही घर उरलं नाही. आमचा तुकडा तेवढा आम्ही ठेवला, त्यात तिवर आहे.

आणि मग, काय सांगू, अपील सुटलं. ह्यांच्या बाजूने सुटलं. पट्टी किमतीप्रमाणे लावायची, मागची थकबाकीही भरायची. टेकडीवरचे बंगले आणि खालचे नवे, सगळ्यांना. शेठनी एका शब्दानेही कुरकुर न करता भरली, म्हणाले, नियम आहे तर भरायलाच हवं. तालुक्यातून लोक बघायला आले की एवढीशी ग्रामपंचायत आणि हिच्याकडे एवढी वसुली कशी! त्यातून शाळेचं छप्पर झालं, दवाखान्याला पूर्णवेळ परिचारिका मिळाली. आणि ठरावात लिहिल्याप्रमाणे पहिला खर्च झाला तो बांधावर. चांगला दगडी बांध, नवी लोखंडी उघाडी. नारळ फोडायला ह्यांनाच उभं केलं. शेठ आले होते, त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. हयातभर ज्या गोष्टीसाठी माझा नवरा घसा फोडत होता ती त्याच्या डोळ्यांदेखत झाली, आणि त्या बांधाआड दुसऱ्यांची हिरवळ होती. लोकांनी भाषणाचा आग्रह केला. हे म्हणाले, "घसा बसलाय." घसा बिलकूल बसलेला नव्हता.

गेल्या भाद्रपदात वन्संचा फोन आला. जावयाने कुणाच्या तरी मोबाइलवर नव्या बांधाचा फोटो दाखवला होता. माझ्या हातात पीठ होतं म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर टाकून ह्यांच्यासमोर ठेवला.

"दादा, बांध झाला म्हनं?"

"झाला."

"दगडाचा?"

"दगडाचा. घरपट्टीतून झाला. कुणाची पाटी नाही त्याच्यावर."

"बग, मी बोललेली ना! तू बरोबर व्हतास." त्यांचा आवाज इतका खुशीत होता की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "माजा गेला ता गेला. पन बाकीच्या बायांचा तरी वाचला. लावला ना यंदा सगल्यांनी भात?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. भाषणात एक आकडा चुकला तर दुसऱ्या दिवशी पत्रक काढून दुरुस्ती करणारा माणूस हा. कागदावर खोटी सही केली नाही, मतांसाठी खोटं आश्वासन दिलं नाही. मी मान हलवली. हो म्हणा, असं मी हलवली की नाही म्हणा, असं, ते माझं मलाही सांगता येणार नाही.

"लावला," ते म्हणाले. "सगळ्यांनी लावला."

"कसा हाय?"

"चांगला आहे. पोटरीत आलाय."

"मंग कापनी झाली का थोडा तांदूल धाड मला. इकडचा गिलत न्हाय रे."

"पाठवतो," ते म्हणाले, आणि फोन माझ्याकडे सरकवून अंगणात गेले.

दिवाळीनंतर ते एसटीने पेणच्या बाजारात गेले. तीन दुकानं फिरले, आमच्या भातासारखा जाडा लालसर तांदूळ बघून घेतला. दुकानदार छापील पिशवीत भरून देत होता. तर म्हणाले, पिशवी नको, सुटा दे. तो त्यांनी घरी आणून माझ्यासमोर ठेवला आणि माळ्यावरची जुनी गोणी शोधायला लागले. मी म्हटलं, "बसा तुम्ही, मी भरते." गोणी झटकली, तांदूळ ओतला आणि दाभण घेऊन तिचं तोंड शिवलं. हे समोर दोरा धरून बसले होते आणि मी ओढेन तसा सोडत होते.